मालकीणबाई, तुमचं नाव कोणत्या रकान्यात?

काटोलजवळच्या आमच्या एका काकूंना अख्खं गाव ‘मालकीणबाई’ म्हणतं. आंबिया बहाराची संत्री पिवळी पडू लागली की व्यापारी ओसरीवर येऊन बसतात. ‘काय मालकीणबाई, यंदा बाग कितीत देता?’ चहा होतो, घासाघीस होते. सौदा काकूंच्याच तोंडून ठरतो.

काका गेले. वर्षभरानं कर्जाच्या कामासाठी सातबारा काढला. भोगवटादाराच्या रकान्यात दोन्ही मुलं. काकू आणि त्यांची लेक मात्र बाजूला, ‘इतर हक्क’ या रकान्यात!

‘अवं, मी इतर कवापासून झाली?’ काकूंनी विचारलं. घरात कुणाजवळच उत्तर नव्हतं.

मैत्रिणींनो, किताब वाटायला आपली भाषा मोठी उदार आहे. पाटलांची बायको पाटलीण, मास्तरांची मास्तरीण. नवरा ‘मालक’ किंवा ‘धनी’, म्हणून आपण मालकीण! मान मिळतो, पण तो नवऱ्याच्या नावानं.

कागदावरचे शब्द निराळे. आपल्याकडे मालगुजार म्हणजे गावाचा धनी. पण शब्दाचा मूळ अर्थ एवढाच, की सरकारात सारा भरणारा. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात त्यांना मालकी हक्क दिले, १९५१ मध्ये ते संपले. लोकांच्या तोंडी किताब तेवढा उरला. सातबारावर ‘मालक’ नाही, ‘भोगवटादार’ असतो, म्हणजे जमीन ज्याच्या ताब्यात आहे तो. आणि ‘हक्कसोड’? माहेरी साडीचोळी घेऊन लेक ज्या कागदावर सही करते तो. शब्द किती साधा वाटतो! पण त्या सहीनं तिचा हिस्सा जातो.

कायदा आपल्या बाजूचा आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाच्या मिळकतीत बायको, मुलगा, मुलगी आणि आई सारख्याच वाटेकरी. त्याआधी विधवेचा हक्क हयातीपुरता असे. जमीन पिकवायची, पण विकता येत नसे. या कायद्यानं तिच्या वाट्याची जमीन पूर्णपणे तिची झाली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये मिळाला. वडील २००५ च्या आधी वारले असले, तरी तो मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं.

काकूंनी भांडण केलं नाही. दोन्ही मुलांना समोर बसवून म्हणाल्या, ‘बाग मी जगवली. दुष्काळात टँकरनं पाणी मी घातलं. आता माझं अन् ताईचं नाव तुमच्या ओळीत आणा.’ थोरला जरा घुटमळला. मग त्यानंच अर्ज लिहिला. फेरफार झाला, नवा सातबारा आला. काकूंनी तो देवघरात नाही, पेटीत कुलपात ठेवला.

‘मालकीणबाई’ ऐकायला गोडच लागतं. पण एकदा सातबारा काढा, आणि आपलं नाव कोणत्या रकान्यात आहे ते स्वतः वाचा.