ढिले स्टिअरिंग : दोष कुठे शोधावा?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकात ट्रॅक्टरच्या दुरुस्तीवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी शेती आहे आणि सुट्टीच्या दिवशी ट्रॅक्टरवर बसावे लागणारेही कमी नाहीत. शिवाय हा विषय मला सुचला तो तर्कशास्त्राच्या तासाला. म्हणून हे धाडस.

आमच्याकडे द्राक्षबागेत चालणारा छोटा ट्रॅक्टर आहे. वेलींच्या दोन ओळींत जेमतेम ९-१० फुटांची वाट असते, म्हणून बागाईतदार असा आखूड, अरुंद ट्रॅक्टर पसंत करतात. आमच्या ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग आहे. गेल्या हंगामात ते ढिले वाटू लागले. चक्र चार बोटे फिरवावे तेव्हा कुठे पुढची चाके हलत. बागेत याचा फारसा त्रास नव्हता. पण क्रेटने भरलेली ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्याला लागले की छातीत धडधडे. ताशी २५ किलोमीटर वेगाने ट्रॅक्टर एका सेकंदात सुमारे ७ मीटर जातो. समोरून एस. टी. आली आणि आपले वळवणे चाकांपर्यंत पोचायला अर्धा सेकंद लागला, तर तेवढ्यात ट्रॅक्टर साडेतीन मीटर पुढे गेलेला असतो. तेव्हा ढिले स्टिअरिंग ही केवळ गैरसोय नव्हे; तो जिवाशी खेळ आहे.

गावातल्या एका फिटरने दुरूनच पाहून सांगितले, “पंप गेला. नवा बसवा.” पंपाची किंमत ऐकून आप्पा गप्पच झाले. हा निदानाचा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. पॉवर स्टिअरिंग म्हटले की सर्वांचे लक्ष तेलाकडे आणि पंपाकडे जाते. म्हणून आधी त्याची रचना समजून घेऊ.

फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ साली मोटारीवर तेलाच्या दाबाने चालणारे स्टिअरिंग बसवून दाखवले. विक्रीच्या मोटारीत मात्र ते १९५१ साली आले. आजच्या पुष्कळ छोट्या ट्रॅक्टरांत चक्र आणि पुढची चाके यांना जोडणारा लोखंडी दांडा मुळी नसतोच. चक्राच्या दांड्याखाली एक झडपेचा डबा असतो. चक्र जितके फिरवावे तितके मोजून तेल हा डबा सिलिंडरकडे पाठवतो. तेलाच्या दाबाने सिलिंडरचा दांडा सरकतो, आणि तो टाय रॉडमार्फत चाके वळवतो. पंप इंजिनावर चालतो व दाब पुरवतो. इंजिन बंद असतानाही चक्र फिरते, पण अतिशय जड.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. दाब कमी पडला तर स्टिअरिंग बहुधा जड होते. ते ढिले होते तेव्हा पहिला संशय सांध्यांवर घ्यावा, पंपावर नव्हे. आमचे चक्र तर एका बोटाने फिरत होते. मग पंप गेला कसा?

जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारण शोधण्याच्या काही पद्धती सांगितल्या आहेत. त्यांतली व्यतिरेकपद्धती आपण परीक्षेपुरती पाठ करतो. तिचा व्यवहारातला अर्थ एवढाच : बाकी सारे तसेच ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल. पंप, सील आणि टाय रॉड एकदम बदलले तर दोष कदाचित जाईल, पण तो कशात होता हे कधीच समजणार नाही. पैसे मात्र सगळ्यांचे पडतील.

तपासाचा क्रम असा ठेवावा. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हातब्रेक लावावा, अवजार जमिनीवर टेकवावे आणि मागच्या चाकांना लाकडी ओंडके लावावेत. प्रथम पुढच्या दोन्ही टायरांतील हवा पाहावी. ती कमी-जास्त असली तरी ट्रॅक्टर भरकटतो. मग पाठीमागे किती वजन आहे ते पाहावे. फवारणीची भरलेली टाकी मागे टांगली आणि पुढे वजन नसले, तर ट्रॅक्टरचे नाक हलके होते व चाके जमीन धरत नाहीत. अशा वेळी काहीही ढिले नसताना स्टिअरिंग ढिले वाटते.

त्यानंतर प्ले मोजावा. इंजिन संथ चालू ठेवून चाके सरळ करावीत. चक्राच्या कडेवर खडूने खूण करावी आणि पुढचे चाक हलू लागेपर्यंत खूण किती सरकते ते टेपने मोजून लिहून ठेवावे. थोडा प्ले नव्या ट्रॅक्टरलाही असतो; किती चालेल ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेले असते. चाके सरळ असताना चक्रावरची मूठ दर वेळी एकाच जागी येत नाही, हाही या प्रकारच्या स्टिअरिंगमध्ये दोष नव्हे.

आता दोन माणसे लागतात. एकाने चक्र अगदी थोडे डावी-उजवीकडे हलवत राहावे. दुसऱ्याने बाजूला उभे राहून, हात न लावता, नुसत्या डोळ्यांनी हालचाल कुठवर पोचते ते पाहावे. चक्राचा दांडा, सिलिंडरचा दांडा, त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट, टाय रॉड, चाकाचा आर्म आणि शेवटी चाक, अशी ही साखळी आहे. ज्या सांध्यात एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तिथे दोष आहे.

याची खात्री इंजिन बंद करून करावी. पुढचा भाग जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवावा. नुसत्या जॅकवर विसंबू नये. ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल मध्यभागी पिनेवर झुलतो, म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी माराव्यात. मग टायर घड्याळातील ९ आणि ३ च्या जागी धरून हलवावा व दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोट ठेवावे. झिजलेल्या सांध्यात ‘टक्’ असे बोटाला लागते. १२ आणि ६ च्या जागी धरून चाक डुलले, तर चाकाचे बेअरिंग किंवा किंगपिनचे बुश पाहावे. एक्सलच्या मधल्या पिनेचे बुशही तपासावे.

सिलिंडरचा दांडाच उशिरा हलत असेल, तरच तेलाकडे वळावे. आधी तेलाची पातळी पाहावी. तेलाला फेस आला असेल, तर पंपाकडे तेल नेणाऱ्या पाइपच्या एखाद्या जोडातून हवा आत शिरते आहे. तो जोड घट्ट करून, योग्य तेल भरून, पुढची चाके उचललेली ठेवावीत आणि इंजिन संथ चालवून चक्र सावकाश दोन्ही टोकांपर्यंत काही वेळा फिरवावे. हवा निघून जाते. मग तेल पुन्हा पाहावे. चाके टोकाला पोचल्यावरही चक्र भराभर फिरत राहिले, तर सिलिंडरच्या आतील सील किंवा झडपेचा डबा झिजला असण्याचा संभव असतो. तिथून पुढे दाब मोजण्याचे मीटर असलेल्या जाणत्या मेकॅनिककडेच जावे. तेलाची गळती मात्र कधीही हाताने चाचपू नये. दाबाखालची बारीक धार कातडीत घुसते व ती जखम फार वाईट असते. त्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा.

आमच्या ट्रॅक्टरचा दोष सिलिंडरच्या टोकाच्या बॉल जॉइंटमध्ये निघाला. त्याचे रबरी टोपण फाटले होते. फवारणीनंतर आम्ही ट्रॅक्टर पाण्याच्या जोरदार धारेने धूत असू. त्या पाण्याने ग्रीस वाहून गेले, चिखल आत गेला आणि गोळा झिजला. असा जॉइंट दुरुस्त करू नये, बदलावा. नवा बसवल्यावर नटाला नवी स्प्लिट पिन घालावी. तो बदलला, दुसऱ्या कशालाही हात लावला नाही आणि पुन्हा प्ले मोजला. चार बोटांचा एक बोट झाला. खर्च पंपाच्या किमतीच्या मानाने अगदीच किरकोळ आला. टाय रॉडचा जॉइंट बदलावा लागला, तर जुना किती आटे आत होता ते मोजून ठेवावे व नंतर दोन्ही चाकांमधील अंतर पुढून आणि मागून मोजावे. सामान्यतः पुढचे अंतर काही मिलिमीटर कमी असते. नेमके माप पुस्तिकेतून घ्यावे.

आता धुणे झाले की ग्रीस गन घेऊन प्रत्येक निपलला ग्रीस द्यायचे आणि रबरी टोपणे पाहायची, हे काम माझ्याकडे आले आहे. त्याला दहा मिनिटे लागतात. त्या फिटरवर माझा राग नाही. त्याला घाई होती, आणि आम्हीही “कशावरून?” असे विचारले नव्हते. तर्कशास्त्राच्या पेपरात हा प्रश्न आपल्याला परीक्षक विचारतात. घरी ट्रॅक्टर, विहिरीची मोटर किंवा आणखी काही बिघडले, तर तो आपण विचारावा. आणि उत्तर मिळेपर्यंत पाकीट उघडू नये.