पहिला हिमवर्षाव टिपताना : लाहौल-स्पिती

■ कधी, कुठे : रोहतांग (३,९७८ मीटर) आणि कुंझुम (४,५५१ मीटर) खिंडींच्या परिसरात, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात. लाहौलच्या दरीत तेव्हा पॉप्लर-विलोची पिवळी पानं शिल्लक असली, तर एकाच चौकटीत दोन ऋतू सापडतात.

■ एक्स्पोजर : कॅमेऱ्याचा मीटर पांढऱ्यालाही राखाडी करू पाहतो. १ ते २ स्टॉप वाढवा. हिस्टोग्राम उजव्या कडेला आदळू देऊ नका.

■ शटर : हिमकण गोठवायला १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान, रेघा हव्या असतील तर १/६०च्या आसपास. मागे गडद कातळ किंवा झाडी असली की कण उठून दिसतात.

■ रंग : सावलीतलं बर्फ निळसर येतं. रॉ फाइल ठेवली, तर व्हाइट बॅलन्स नंतर सुधारता येतो.

■ बॅटरी : थंडीत लवकर उतरते. जादाची आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा.

■ बाष्प : उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा हवाबंद पिशवीत घाला, खोलीच्या तापमानाला आल्यावरच बाहेर काढा.

■ परतीची वाट : कुंझुम बंद झाली, तर स्पितीतून किन्नौरमार्गे शिमल्याला उतरावं लागतं. हाताशी जादा दिवस ठेवूनच निघा.