दारूचे माप

‘दारू’ हा शब्द मराठी माणसाला तीन ठिकाणी भेटतो. गुत्त्यात भेटतो, दिवाळीच्या फटाक्यांत भेटतो आणि ‘दवादारू’ या जोडशब्दात वैद्याच्या दारीही भेटतो. मूळ फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. हा अर्थ मराठीत आता जोडशब्दापुरताच उरला आहे. परंतु तिन्ही दारूंच्या बाबतीत शहाण्या माणसाने विचारायचा प्रश्न एकच असतो: किती? औषधाच्या या ‘किती’ला आपण मात्रा म्हणतो. बंदुकीच्या दारूचीही मात्राच असते. ती चुकली तर एक तर बार फुसका जातो, नाही तर बंदूकच फुटते. प्रस्तुत लेख या मात्रेविषयी, म्हणजे दारूच्या मापाविषयी आहे.

आजच्या काळात दारू मापतो कोण, असे वाचकांना वाटेल. आपल्या महाराष्ट्रातच असे लोक आहेत. कोकणात रानडुकरे आणि वानरे यांपासून पिके राखण्यासाठी ठासणीच्या बंदुका परवान्याने बाळगल्या जातात. १९५९च्या शस्त्र कायद्यात, परवाना देण्याविषयीच्या तेराव्या कलमात, पीकरक्षणासाठी वापरायच्या ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. अशा बंदुकीला तयार काडतूस नसते. प्रत्येक बाराची दारू धन्यानेच मापून नळीत ओतायची, गजाने ठासायची आणि मग छर्रे घालायचे. ‘ठासून सांगणे’ आणि ‘फुसका बार’ हे आपल्या बोलण्यातले प्रयोग या बंदुकीच्या घरचेच आहेत. आज गोष्टीला ‘रंजक’ म्हणणाऱ्या मुलांना हेही सांगायला हरकत नाही, की तोफेच्या कानात घालायच्या दारूलाही मराठीत ‘रंजक’ म्हणत.

दुसरीकडे अमेरिकेसारख्या देशात झाडलेल्या काडतुसाच्या पितळी पुंगळ्या गोळा करून त्या घरीच पुन्हा भरण्याचा छंद पुष्कळांना आहे. त्यासाठी दारू मापण्याचे एक लहानसे यंत्र मिळते. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा हे यंत्र कोणी घरी मांडावे म्हणून मी लिहीत नाही. परंतु ते कसे काम करते हे कळले, म्हणजे ‘माप’ या वस्तूविषयी आपण किती भोळे आहोत हेही कळते.

आधी खळ्यावर जाऊ. शिरूर तालुक्यातील इनामगावसारख्या बाजरी-ज्वारीच्या गावात जुन्या माणसांना धान्य मापण्याची रीत अजून आठवते. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे आणि मग दोन, तीन असे मोजत जायचे. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. हे सारे हिशेब आकारमानाचे होत, वजनाचे नव्हेत. तेथेच खरी मेख आहे. पायली तीच, धान्य तेच. पण अलगद ओतले तर कमी मावते आणि हलवून, आपटून भरले तर जास्त मावते. वर शीग चढवली तर आणखी जास्त. ‘उत्सुकता शिगेला पोहोचली’ असे आपण लिहितो, ती ही मापावरची शीग. ‘मापात पाप’ ही म्हण जन्माला आली ती पायलीचे बूड खोटे असल्यामुळेच असे नाही. भरणाऱ्याच्या हातामुळेही आली असावी.

धान्यागणिक फरक पडतो तो निराळाच. बाजरीचा दाणा बारीक व गोल, त्यामुळे तो मापात पाण्यासारखा उतरतो. भुईमुगाच्या शेंगा मात्र एकमेकींत अडकतात, मध्ये पोकळी राहते आणि दोन पायल्या कधी सारख्या उतरत नाहीत. बंदुकीच्या दारूतही हे दोन्ही प्रकार आहेत. काही दारूचे कण मोहरीसारखे गोल असतात, काहींच्या चपट्या चकत्या असतात, तर काहींचे शेवयांच्या तुकड्यांसारखे तुकडे असतात. गोल कण मापात सारखे बसतात. लांबट तुकडे आडवेतिडवे अडकतात.

हे मापाचे दुखणे बंदुकीइतकेच जुने आहे. पूर्वी दारू शिंगात किंवा भांड्यात ठेवून त्यातून लहान मापाने घेत. भांड्यातून थेट नळीत ओतणे घातक, कारण आधीच्या बाराची एखादी ठिणगी नळीत उरली असली तर हातातले सबंध भांडे पेट घेते. म्हणून मधले माप केवळ हिशेबासाठी नसून जिवासाठीही आहे. युरोपातील शिपाई एकेका बाराची दारू भरलेल्या लाकडी कुप्या पट्ट्याला टांगून घेऊन जात. पुढे दारू व गोळी एकाच कागदी पुडीत बांधण्याची युक्ती निघाली. तिच्यामुळे मोठा बदल झाला तो असा, की मापण्याचे काम घाबरलेल्या शिपायाच्या हातून निघून कारखान्यातील निवांत हाताकडे गेले. १८५७ साली ज्या एन्फील्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या पुडीवरून हिंदुस्थानात वणवा पेटला, त्या पुडीतील दारूचे माप ६८ ग्रेन होते. ब्रिटिश अमदानीत तोळा १८० ग्रेनचा ठरला होता. त्या हिशेबाने मासा १५ ग्रेनचा आणि एका बाराची दारू साडेचार माशांहून किंचित अधिक झाली. तिने उडवायची गोळी मात्र जवळजवळ तीन तोळ्यांची होती.

आता ते यंत्र पाहू. वर एक नळकांडे असते, त्यात दारू ओततात. खाली लाटण्यासारखा एक आडवा दांडा बसवलेला असतो आणि त्यात एक खळगा कोरलेला असतो. मूठ एका बाजूला फिरवली की खळग्याचे तोंड वर येऊन तो भरतो. उलट फिरवली की तोंड खाली होऊन दारू पुंगळीत पडते. खळग्याच्या बुडाशी स्क्रू असतो. तो फिरवून खळगा लहानमोठा करता येतो. म्हणजे यंत्र झाले तरी हे चिपटेच. फरक इतकाच, की त्याचे बूड हलवता येते.

आणि चिपट्याचे सारे गुणदोष याच्या अंगी आहेत. म्हणून ते मांडण्याची रीत कडक आहे. यंत्र टेबलाच्या कडेला घट्ट आवळतात, कारण ते हलले की दारू दबून जास्त मावते. आतील तेलाचा अंश पुसून काढतात. तेलाला कण चिकटतात आणि दारूही बिघडते. नळकांड्यातील दारूची पातळी फार खाली जाऊ देत नाहीत, कारण वरचा भार बदलला की खळग्यातील भरणही बदलते. हा भार सारखा राहावा म्हणून काही यंत्रांत मध्ये एक आडपडदा घालतात. सुरुवातीची काही मापे पुंगळीत न घालता परत वर ओततात, म्हणजे दारू बसून स्थिर होते. मूठ दर वेळी त्याच वेगाने, त्याच जोराने फिरवायची असते. लांबट कणांची दारू असेल तर एखादा कण दांड्याच्या कडेत सापडून कातरला जातो आणि हाताला खट्कन जाणवतो. असे जाणवले की ते माप बाजूला काढतात.

एवढे करूनही यंत्राच्या शब्दावर कोणी विसंबत नाही. जवळच एक नाजूक काटा असतो. तो ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे सुमारे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवतो. वाऱ्याची झुळूक लागली तरी तो हलतो, म्हणून पंखा बंद करावा लागतो. काटा तरी खरा कशावरून? म्हणून ज्ञात वजन ठेवून आधी तोही तपासतात. मग दहा मापे एकत्र तोलून दहाने भागतात. पण सरासरी बरोबर आली म्हणून काम संपले असे नाही. एक माप जड आणि दुसरे हलके असले तरी सरासरी साजरी दिसते. म्हणून काही मापे एकेकटीही तोलतात आणि काम चालू असताना ठरावीक अंतराने पुन्हा एक तोलून पाहतात.

इतका काटेकोरपणा कशासाठी, याला कारण आहे. सोरा, गंधक आणि कोळसा यांची जुनी काळी दारू एक प्रकारे सोशिक होती. १८८४ साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने बिनधुराची दारू तयार केली आणि बंदुकीचे जग बदलले. ही दारू थोड्या मापात पुष्कळ जोर करते. काळ्या दारूचे माप घेऊन ती भरली, तर नळी फुटून भरणाऱ्याचा हात किंवा डोळा जाऊ शकतो. म्हणून टेबलावर एका वेळी एकाच जातीची दारू ठेवायची आणि काम संपताच उरलेली तिच्या मूळ डब्यात परत भरायची, असा दंडक आहे. बिनधुराच्या दारूसाठी केलेल्या यंत्रात काळी दारू ओतायची नाही, हाही दंडक आहे. ती ठिणगीने चटकन पेटते. आणि गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत दिव्याच्या उजेडात डोकावायचे, कारण लक्ष दुसरीकडे गेले की एकाच पुंगळीत दोन मापे पडतात.

दारू जपण्याची ही शिस्त आपल्याकडे नवी नाही. अठराव्या शतकात सिद्ध झालेल्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त किल्ल्यांच्या प्रकरणी दारूखान्याविषयी बारीक सूचना आहेत. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारूला ओल लागू नये आणि थोड्याथोड्या दिवसांनी ती बाहेर काढून ऊन दाखवावे, असा त्यांचा आशय आहे. ओल लागलेली दारू वजनाला वाढते आणि कामाला उतरते. म्हणजे माप बरोबर भरूनही बार फुसका जायचा. मापाआधी वस्तूची निगा, हे अमात्यांना ठाऊक होते.

या सगळ्यात मला मौज वाटते ती ‘ग्रेन’ या शब्दाची. ग्रेन म्हणजे दाणा. इंग्रजांचे हे वजन मुळात सातूच्या दाण्यावरून ठरले असे मानतात. आपले सोनार गुंजेने तोलत, तेही एक बीजच. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. योगायोग असा, की इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात जे उत्खनन केले, त्यात घोड नदीच्या काठी इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात नांदलेले शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले आणि त्या गावाचे मुख्य पीक सातूच होते. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या या कामात गावच्या प्रमुखाच्या घराजवळ धान्याचे कोठारही आढळले. कोठार आले की देणेघेणे आले, आणि देणेघेणे आले की कसले ना कसले माप आलेच. ज्या दाण्याने ही माणसे जगली, त्याच जातीच्या दाण्याच्या नावाने आज जगभर बंदुकीची दारू तोलली जाते.

दारू मापण्याचे मोठे काम आता कारखाने करतात. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून उभा आहे. तरीही माप संपूर्ण सारखे उतरत नाही, हे सर्वांत चांगले ठाऊक असते नेमबाजांना. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले. या प्रकारात वापरतात ती लहान काडतुसे पुन्हा भरण्याजोगी नसतात. म्हणून या खेळातील नेमबाज एकाच कारखान्याच्या निरनिराळ्या खेपांची काडतुसे आपल्या रायफलीतून झाडून पाहतात आणि जिच्या गोळ्या सर्वांत जवळजवळ लागतात ती खेप निवडतात. त्यांना जोराची दारू नको असते. प्रत्येक वेळी सारखी दारू हवी असते.

दिवाळीत आपल्याकडे दर वर्षी मुलांचे हात भाजतात. त्यांतले काही अपघात न उडालेल्या फटाक्यांची दारू काढून, अंदाजाने कागदात भरून पाहण्याच्या हौसेतून घडतात. अंदाज हे स्वयंपाकघरात मोठे शास्त्र आहे. आमटीत मीठ घालणाऱ्या आईला काटा लागत नाही, कारण चुकलेली आमटी फार तर खारट होते. दारूला दुसरी संधी नसते. घरातल्या मोठ्या माणसांनी यंदा फराळाच्या ताटावर बसल्या बसल्या मुलांना एवढी एक गोष्ट समजावून सांगितली, तर सण सुखाचा जाईल.