दातांची तार आणि दातांची राखण

मंडळी, देवणीच्या बाजारात गोऱ्हा घ्यायचा झाला तर आपण आधी काय करतो? त्याचं तोंड उघडून पाहतो. आदत आहे की दोनदाती, चारदाती आहे की जुळला, हे कळल्याशिवाय कुणी इसार देत नाही. देवणी जातीचं जनावर देशभर नावाजलेलं, म्हणून त्याचा दात न् दात आपण मोजून घेतो. पण घरातल्या लेकराचं तोंड असं उजेडात उघडून आपण शेवटचं कधी पाहिलं?

लेकराचे दुधाचे दात २०. सहाव्या वर्षाच्या सुमारास ते पडू लागतात आणि बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत त्या जागी पक्के दात येतात. अक्कलदाढा धरून पक्के दात ३२ होतात. जबडा लहान आणि दात मोठे असले, दुधाचा दात किडून वेळेआधी गेला आणि शेजारचे दात त्या जागेत सरकले, किंवा अंगठा चोखायची सवय चार-पाच वर्षांनंतरही राहिली, तर पक्के दात वेडेवाकडे येतात. काही वेळा ही ठेवण आईबापांकडूनच आलेली असते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या पुढच्या दातांत फट दिसते, ती मात्र पुष्कळदा सुळे आल्यावर आपोआप मिटते. तेव्हा घाबरून जाऊ नये. पण सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा डॉक्टरांना दाखवून घ्यावे.

कुणी म्हणेल, वाकडे दात म्हणजे नुसती रूपाची गोष्ट. तसे नाही. एकावर एक चढलेल्या दातांत अन्न अडकते, कीड लागते, हिरड्या सुजतात. पुढे आलेला दात खेळताना पडले-झडले की आधी तुटतो. आणि तोंडावर हात धरून हसणारी मुलगी शिक्षकांनी वर्गात पाहिलेली असतेच. उत्तर येत असूनही ती हात वर करीत नाही. हे नुकसान काही थोडे नव्हे.

आता तारेने दात सरळ होतो तो कसा? दात हाडात सिमेंटने बसवल्यासारखा पक्का नसतो. त्याचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक थर असतो. दातावर लहानशी चकती चिकटवून तीतून तार ओवली, की तारेचा हलका पण सतत दाब दातावर पडतो. ज्या बाजूला दात सरकतो तिकडचे हाड झिजते आणि मागे मोकळ्या झालेल्या जागेत नवे हाड भरते. ही चाल फार सावकाश असते, महिन्याला साधारण एक मिलिमीटर. म्हणूनच बहुतेकांना दीड ते दोन वर्षे लागतात. जोर लावून हे काम लवकर होत नाही. उलट दाताच्या मुळाला इजा होते.

कधी जागा करण्यासाठी चांगला दातही काढावा लागतो. वरचा दात काढला की नजर कमी होते, असे आपल्याकडे बोलतात. त्यात तथ्य नाही.

तार बसवल्यावर पहिले दोन-तीन दिवस दात ठणकतात. तेव्हा वरण-भात, दुधात कुस्करलेली भाकरी असे मऊ खावे आणि मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भरावी. तार आहे तोवर ऊस दातांनी सोलू नये. फुटाणे, चिक्की, कडक लाडू टाळावेत. चकती निघाली तर तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. तारेभोवती अन्न साचते, म्हणून प्रत्येक जेवणानंतर ब्रश करावा. राखुंडी आणि मिश्री वापरू नये. हयगय केली तर दात सरळ होतील, पण तार निघाल्यावर त्यांवर पांढरे डाग दिसतील.

दर चार ते सहा आठवड्यांनी डॉक्टरांकडे जावे लागते. आपल्याला लातूरला जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, हे खरे आहे. ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर जाणाऱ्यांनी तर हे डॉक्टरांना आधीच सांगावे. अर्धवट सोडलेल्या तारेपेक्षा सोयीने उशिरा सुरू केलेली बरी.

आता खरी मुख्य गोष्ट. तार निघाली, दात ओळीत आले, आरशात पाहून लेकरू खूश झाले, म्हणजे काम संपले असे वाटते. इथेच हत्ती जातो आणि शेपूट राहते. नुकती रोवलेली मेढ माती बसेपर्यंत हलते, तसेच हे दात असतात. नवे हाड घट्ट व्हायला महिने लागतात आणि हिरडीतले ताणलेले तंतू वर्षभरसुद्धा दाताला जुन्या जागी ओढू पाहतात. त्यासाठी रिटेनर असतो. ज्वारी हुरड्यात आली असता माळ्यावरची राखण कुणी सोडत नाही. रिटेनर ही दातांची राखणच आहे.

रिटेनर काढता-घालता येणारा असतो, किंवा पुढच्या दातांच्या मागे बारीक तार कायमची चिकटवतात. काढता येणारा रिटेनर पहिले काही महिने जेवण आणि ब्रश सोडून दिवसरात्र घालावा लागतो, नंतर पुष्कळ वर्षे रात्री. नेमके किती, ते आपले डॉक्टर सांगतील. तो थंड पाण्याने व मऊ ब्रशने धुवावा. गरम पाण्यात वाकतो. जेवताना कागदात गुंडाळून ठेवू नये, उष्ट्यासोबत फेकला जातो. त्याची डबी जवळ ठेवावी. कुत्रीही तो चावून टाकतात! हरवला किंवा घट्ट लागू लागला तर त्याच आठवड्यात दाखवावे. फीमध्ये रिटेनर धरला आहे का, हेही सुरुवातीलाच विचारून घ्यावे.

एक धोक्याची सूचना. फट मिटवायला मुले दाताला साधे रबर गुंडाळतात. ते हिरडीत वर सरकते आणि चांगला दात गळून पडू शकतो. हे काम बी.डी.एस. नंतर तीन वर्षे एम.डी.एस. शिकलेल्या ऑर्थोडॉन्टिस्टचे आहे. लातुरात दंत महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी खर्च बहुधा कमी येतो. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते. गुरुजी आणि बाईंनी त्या दिवशी हात धरून हसणारे लेकरू पुढे करावे.

मंडळी, बैलाचे दात पाहून आपण वय ओळखतो. लेकराचे दात वेळेवर पाहिले, तर त्याचे हसू राखू शकू.