सात दिवस की तीस दिवस?

देशभर घरोघरी जाऊन माहिती गोळा करणाऱ्या राष्ट्रीय नमुना पाहणीला २०२५ साली ७५ वर्षं झाली. या कामाचा अभिमान वाटतोच. पण २०१७-१८च्या उपभोग-खर्च पाहणीचा अहवाल सरकारने आकड्यांच्या दर्जाचं कारण देऊन अडवला, तो सल जात नाही.

पहिली वर्षं संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांची. दुसरे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे त्यांच्याशी भांडले ते पिकाचं उत्पादन मोजायला शेतात कापायच्या तुकड्यावरून: तुकडा लहान घेतला की कडेवरची रोपं आत धरली जातात आणि उत्पादन फुगतं. १९७१मध्ये अर्थशास्त्रज्ञ दांडेकर आणि रथ यांनी पुण्यात याच पाहणीवरून दारिद्र्याचा हिशेब मांडला. पुढच्या दोन दशकांत फार सांगण्यासारखं नाही.

नव्वदचं दशक मात्र मी जवळून पाहिलं. मागच्या ३० दिवसांत काय खाल्लं, हे विचारायची जुनी पद्धत. १९९४ ते १९९८च्या फेऱ्यांत काही कुटुंबांना तेच ७ दिवसांचं विचारलं. कुठल्या घराला कुठला प्रश्न, हे यादृच्छिक निवडीने ठरलं होतं. प्रयोगाचं बळ त्यातच होतं. आठवड्याच्या हिशेबात खाण्यावरचा खर्च वाढून आला आणि तेवढ्याने गरिबांची संख्या जवळपास निम्मी दिसू लागली. बदलला होता तो फक्त प्रश्न.

मग १९९९-२०००मध्ये दोन्ही प्रश्न एकाच घरात, शेजारी-शेजारी विचारले. आठवड्याचं सांगून झालेला माणूस महिन्याचं त्याच्याशी जुळवूनच सांगणार! दारिद्र्य ३६ वरून २६ टक्क्यांवर आल्याचं जाहीर झालं. उदारीकरणवाल्यांनी आकडा डोक्यावर घेतला, विरोधकांनी तो धुडकावला. प्रश्नावली वाचायचे कष्ट दोन्हीकडच्या फार थोड्यांनी घेतले, याचा राग मला अजून आहे. अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी, तसंच सुंदरम आणि सुरेश तेंडुलकर यांनी ते कष्ट घेतले. डीटन यांनी ज्या वस्तूंचा प्रश्न बदलला नव्हता, त्यांच्या आधारे पुन्हा हिशेब केला. गरिबी घटली होती, पण अधिकृत आकड्याइतकी नव्हे. कुटुंबनिहाय आकडे अभ्यासकांच्या हाती होते, म्हणून मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त हा वाद पुराव्यानिशी झाला.

२०१७-१८च्या पाहणीत दोष असतील तर तेही असेच सापडतील. सरकारने तिचे कुटुंबनिहाय आकडे खुले करावेत, आणि अर्थशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येकाने ते मागत राहावं.