आरंभकाळी न उठणाऱ्या पार्श्वसेवा : निदानाचा क्रम

संगणकावर वापरकर्त्याच्या दृष्टीआड अखंड चालणाऱ्या प्रोग्रॅमांस पार्श्वसेवा असे म्हणता येईल. डेटाबेस चालविणारा किंवा मापनयंत्राकडून येणाऱ्या नोंदी टिपून घेणारा प्रोग्रॅम ही त्यांची परिचित उदाहरणे होत. रात्री वीज गेली, ती परत येताच संगणक आपोआप सुरू झाला, परंतु नोंदी टिपणारी सेवा मात्र उठलीच नाही, तर सकाळी हाती येते ती कोरी वही. पर्जन्याचे किंवा तापमानाचे ते हुकलेले तास पुन्हा मोजता येत नाहीत. यास्तव हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा न राहता संशोधकांचाही ठरतो.

लिनक्सच्या बहुतेक प्रमुख आवृत्त्यांत सेवा सुरू करण्याचे काम ‘सिस्टिमडी’ ही व्यवस्था करते. लेनार्ट पोटेरिंग व के सीव्हर्स यांनी ती २०१० साली पुढे आणली. २०११ मध्ये फेडोराने आणि २०१५ मध्ये डेबियन व उबुंटू यांनी तिचा मूळ व्यवस्था म्हणून स्वीकार केला. पूर्वीच्या ‘सिस्टिम फाइव्ह’ पद्धतीत सेवा सामान्यतः क्रमांकानुसार एकामागून एक उठत. सिस्टिमडी मात्र कोणती सेवा कोणावर अवलंबून आहे हे पाहून शक्य तितक्या सेवा एकाच वेळी सुरू करते. आरंभ त्यामुळे जलद झाला. तथापि क्रम गृहीत धरण्याची सोय उरली नाही.

या विषयातील बहुतेक गोंधळ दोन आज्ञांमधील भेद ध्यानात न घेतल्याने होतो. ‘स्टार्ट’ ही आज्ञा सेवा तत्काळ चालू करते. पुढील आरंभाशी तिचा संबंध नाही. ‘इनेबल’ ही आज्ञा, एरवी, सेवा चालवीतच नाही. सेवेच्या युनिट फाइलमधील ‘इन्स्टॉल’ विभाग वाचून, तेथे ‘वाँटेडबाय’ या शब्दापुढे ज्या टार्गेटचे नाव असेल त्याच्या यादीत ती एक दुवा ठेवते, एवढेच. म्हणजे ‘स्टार्ट’ हे आजचे काम, तर ‘इनेबल’ ही उद्याच्या हजेरीपटावरील नोंद होय. सेवा न उठण्याची कारणे यावरून तीन गटांत विभागता येतात.

पहिला गट, नोंदच न होण्याचा. ‘इज-इनेबल्ड’ ही आज्ञा दिली असता याचा उलगडा होतो. उत्तर ‘मास्क्ड’ आले, तर ती सेवा हेतुपुरस्सर बंद करून ठेवलेली आहे. प्रथम ‘अनमास्क’ केल्यावाचून पुढील उपाय व्यर्थ. मात्र ती कोणी व का बंद केली याची चौकशी आधी करावी. उत्तर ‘स्टॅटिक’ आले, तर युनिट फाइलमध्ये ‘इन्स्टॉल’ विभागातील सूचना नाहीत. हा नेहमीच दोष नसतो. अनेक सेवा टायमर किंवा सॉकेट यांच्या हाकेने उठतात. तेथे सेवेऐवजी त्या टायमरची किंवा सॉकेटची नोंद करावी लागते.

दुसरा गट, नोंद असूनही हाक न पोहोचण्याचा. सेवा ‘ग्राफिकल’ टार्गेटच्या यादीत आहे, पण संगणक चित्रमय पडद्यावाचून ‘मल्टी-युझर’ टार्गेटपर्यंतच जातो, अशी स्थिती सर्व्हरवर आढळते. नंतर फाइलमधील टार्गेट बदलले तरी जुना दुवा तसाच राहतो. तेव्हा ‘रीइनेबल’ करावे. युनिट फाइल उशिरा जोडल्या जाणाऱ्या डिस्क-विभागावर असेल, तर आरंभी ती दिसतच नाही. याखेरीज दोन सेवा ‘मी तुझ्यानंतर’ असे परस्परांस सांगू लागल्या, तर ते चक्र मोडण्यासाठी सिस्टिमडी त्यातील एक काम वगळते. अशी सेवा अयशस्वी म्हणूनही नोंदली जात नाही. तिचा पत्ता केवळ जर्नलमध्ये लागतो.

तिसरा गट, उठून पडण्याचा. जाळे तयार होण्यापूर्वीच सेवा पत्ता मागते आणि कोसळते. ‘नेटवर्क’ टार्गेट जाळ्याला पत्ता मिळाल्याची हमी देत नाही. त्यासाठी ‘नेटवर्क-ऑनलाइन’ हे टार्गेट आहे. त्याचा उल्लेख ‘आफ्टर’ व ‘वाँट्स’ या दोन्हींत करावा, कारण पहिला शब्द केवळ क्रम ठरवितो, बोलावणे दुसरा धाडतो. २०३ हा निर्गमनांक दिसल्यास प्रोग्रॅमचा मार्ग किंवा तो चालविण्याची परवानगी तपासावी. आपोआप पुन्हा सुरू होणारी सेवाही दहा सेकंदांत पाच वेळा सुरू होऊन पडली, तर मूळ नियमानुसार सिस्टिमडी पुढील प्रयत्न सोडून देते.

अशा वेळी सेवेपूर्वी तीस सेकंदांचा विलंब घालण्याचा उपाय पुष्कळदा योजला जातो. तो कारण दूर करीत नाही. केवळ झाकतो, आणि एखाद्या संथ दिवशी तीस सेकंद अपुरे पडतात. प्रथम नोंद, मग हाक, शेवटी जर्नल, या क्रमाने पाहिल्यास दोष बहुधा सापडतो. सेवा आता चालू आहे, एवढ्यावरून ती उद्याही उठेल असे सिद्ध होत नाही. त्याची खरी परीक्षा एकच : दिवसाउजेडी, सर्व जागे असताना, संगणक एकदा स्वतः बंद करून पुन्हा सुरू करणे.