पुन्हा हाती आलेला खेळ

ज्यांचे बालपण १९९० च्या दशकात गेले, त्या पिढीच्या हाती आज दुकानाच्या किल्ल्या आहेत. दहावी-बारावीच्या परीक्षा, पेढीवर बसणे, विवाह या धांदलीत टीव्हीला जोडायचा तो व्हिडिओ गेम केव्हा माळ्यावर गेला, हे कोणालाच नीटसे आठवत नाही. आता मुलाच्या कन्सोलवर तोच मिशाळ मारिओ उड्या मारताना दिसतो आणि चाळिशीतला गृहस्थ, रात्री रोजमेळ मिटवल्यावर, थोड्या संकोचाने का होईना, पुन्हा खेळावयास बसतो.

आरंभीचा अनुभव गमतीचा असतो. बोटांना सारे आठवते. नजर मात्र मागे पडते. ‘कॉन्ट्रा’मध्ये तीनऐवजी तीस जीव मिळवून देणारी बटणांची साखळी, वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, इतक्या वर्षांनंतरही जशीच्या तशी ओठांवर येते. (पाठशाळेतली सूत्रे इतकी पक्की राहिली असती तर, असे घरातील आजींनी म्हटल्यास त्यांना उत्तर देणे कठीण आहे.)

पण थोड्याच दिवसांत ध्यानात येते की खेळ पूर्वीचा राहिलेला नाही. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आठ जगांचा आणि बत्तीस टप्प्यांचा होता. राजकन्या सुटली की खेळ संपला. कॅसेट एकदा विकत घेतली की पुन्हा पैसा मागत नसे. त्या कॅसेटमध्ये प्रगती साठवून ठेवण्याची सोयही नव्हती. वीज गेली की मिळवलेले सर्व गेले आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ. परिग्रहाला तिथे जागाच नव्हती!

आजचे मोबाईलवरील अनेक खेळ फुकट मिळतात आणि त्यांना शेवट नसतो. फुकट देणाऱ्याचे दुकान चालते कशावर, हा प्रश्न व्यापाऱ्याच्या मुलाला तरी पडायलाच हवा. त्यातील ‘रत्ने’ किंवा ‘नाणी’ खऱ्या रुपयांनी घ्यावी लागतात. मात्र गठ्ठा असा बांधलेला असतो की हवी ती वस्तू घेतल्यावर थोडी शिल्लक उरावी, आणि ती वाया जाऊ नये म्हणून पुन्हा खरेदी व्हावी. रुपयाचे रत्न झाले की भाव मनाला टोचत नाही. रोज हजेरी लावणाऱ्यास बक्षीस, एक दिवस चुकल्यास साखळी खंडित. गिऱ्हाईक परत यावे यासाठीची ही युक्ती बाजारात बसलेल्या माणसाने ओळखली नाही, तर कोण ओळखणार? बारा वर्षांच्या मुलाला ती दिसत नाही. वडिलांनी स्वतः खेळून पाहिले असेल तर ती त्याला दाखवता येते.

आत काय निघेल हे ठाऊक नसताना पैसे देऊन उघडायच्या पेट्यांना बेल्जियमच्या नियामकाने २०१८ मध्ये जुगारच ठरवले. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संमत केला. मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. सात व्यसनांत द्यूताचे नाव प्रथम घेतले जाते, हे ज्या घरात लहानपणीच शिकवले जाते, तेथे यात नवे वाटण्याजोगे काही नाही.

त्याच सातांत शिकारही आहे, आणि हा प्रश्न अधिक अवघड आहे. पडद्यावर कोणी मरत नाही, मग हिंसा कोठे? सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलकचम्पू’त राजा यशोधराची कथा येते. जिवंत प्राण्याचा बळी द्यावयास तो तयार नाही. मातेच्या आग्रहाखातर तो पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी देतो. प्राण कोणाचाच गेला नाही, तरी संकल्प वधाचा होता, म्हणून माता व पुत्र दोघांनाही पशुयोनीत जन्मोजन्मी भटकावे लागते. भावहिंसेचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. वाटेतल्या अळिंबीसारख्या बाहुल्यावरून मारिओ उडी मारतो, तेव्हा मनात बहुधा अडथळा ओलांडण्याचाच भाव असतो. पण नेम धरून मस्तकाचा वेध घेतल्यावर अधिक गुण आणि वर शाबासकी देणारे युद्धखेळ पिठाच्या कोंबड्याच्या फार जवळ जातात. निवडीला वाव मात्र आहे. १९८४ मध्ये रशियात जन्मलेल्या ‘टेट्रिस’मध्ये केवळ पडणारे ठोकळे नीट रचायचे असतात, २०१५ चा ‘अंडरटेल’ तर कोणालाही न मारता, समोरच्याशी बोलून, समजावून पूर्ण करता येतो.

वेळेची मर्यादा काही घरांनी सामायिकाच्या मापाने घातली आहे: अठ्ठेचाळीस मिनिटे, दोन घटका. जुन्या खेळात ती पाळणे सोपे होते, कारण एक बटण दाबले की मारिओ हवेतच थांबे. दूरच्या चार सवंगड्यांसह खेळावयाचा ऑनलाइन सामना असा थांबत नाही. मध्येच उठल्यास बाकीचे हरतात. रविवारी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणासाठी स्वयंपाकघरातून हाक येते, तेव्हा वडील आणि मुलगा दोघेही ‘पाच मिनिटे, आई’ असे एकाच सुरात म्हणू लागले आहेत. म्हणून काही घरांतून संध्याकाळी फक्त थांबवता येणारे खेळच लावले जातात.